सेविकेचे सेवापुस्तक

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कथा, कविता आणि ललित लेख संपले की शेवटी काही पाने उरतात. संपादक प्राध्यापकांनी ती घाईने तपासलेली असतात आणि विद्यार्थ्यांनी केवळ आपले छायाचित्र शोधण्यापुरती उघडलेली असतात. ‘विविध मंडळांचे अहवाल’ असे त्या पानांचे शीर्षक. वाङ्मय मंडळ, क्रीडा विभाग, विद्यार्थिनी मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना असा त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि भाषाही ठरलेलीच असते. शिबिर ‘उत्साहात संपन्न’ होते, विद्यार्थिनी ‘परिश्रम घेतात’, आणि शेवटी कोणा ना कोणाचे ‘मोलाचे सहकार्य’ लाभते. हे मोल किती, ते कोणी दिले आणि कोणाला मिळाले, याची नोंद त्या अहवालात नसते. साहित्याच्या अभ्यासकांनी ज्याच्याकडे मजकूर म्हणून कधी पाहिलेच नाही असे हे लेखन आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, महाविद्यालयांतील स्त्रियांच्या सेवाकार्याचा इतिहास जर कोठे असेल तर तो याच पानांत आहे, आणि तो अदृश्य राहिला याला या पानांची भाषाच बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

‘मोल’ या शब्दापासूनच सुरुवात करू. सहकार्य मोलाचे असते, सल्ला मोलाचा असतो. पण त्याच शब्दापासून ‘मोलकरीण’ हा शब्दही झाला आहे. म्हणजे ज्या स्त्रीच्या कामाला रोख मोल मिळते ती सामाजिक उतरंडीत तळाशी, आणि जिच्या कामाला काहीच मिळत नाही तिचे सहकार्य मोलाचे! ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. स्त्रीने केलेल्या सार्वजनिक कामाकडे आपण कसे पाहतो याचा सगळा नकाशा या दोन शब्दांच्या अंतरात आहे.

तुलनेसाठी थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘ऑनर सोसायटी’ नावाची एक परंपरा आहे. गुणवत्ता, नेतृत्व आणि सेवा यांच्या आधारे मोजक्या विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना सन्मानाचे सदस्यत्व द्यायचे, आणि त्या सन्मानाच्या बदल्यात त्यांनी महाविद्यालयाची सेवा करायची, असे तिचे स्वरूप. पुरुषांच्या अशा संस्थांत स्त्रियांना प्रवेश नसल्याने स्त्रियांनी स्वतःच्या संस्था काढल्या. १९१८ साली सिरॅक्यूज येथे स्थापन झालेली ‘मॉर्टर बोर्ड’ ही त्यांतील प्रसिद्ध संस्था. शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनींसाठी असलेली ही संस्था १९७५ मध्ये पुरुषांनाही खुली झाली. या संस्थांवर अभिजनवादाचा आक्षेप घेता येईल, आणि तो योग्यही ठरेल. पण त्यांनी एक गोष्ट निष्ठेने केली. त्यांनी नोंदी ठेवल्या. कोण निवडले गेले, कोणी काय केले, पुढे कोण काय झाले, हे लिहून ठेवले. परिणामी एखाद्या लहानशा गावातील महाविद्यालयाच्या स्त्री-सेवामंडळाचाही इतिहास तेथे लिहिता येतो. तेथे सन्मान आणि सेवा यांच्यामधला दुवा नाव हा आहे. आपल्याकडे सेवा झाली, सन्मानाचे शब्दही उधळले गेले. पण नाव मात्र गळून पडले.

आणि सेवा झाली नाही असे तर मुळीच नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा जिल्हा या बाबतीत महाराष्ट्रात विशेष ठरावा. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या होत्या. अमेरिकन मिशनने परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. १८३९ पासून १८६२ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे काम नगरमध्ये होते आणि ते मुख्यतः मुलींच्या शाळांचे होते. जोतीराव फुले यांनी नगरला या शाळा पाहिल्या आणि त्यांवरून मुलींची शाळा काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा एक भाग फरारबाईंकडे झाल्याचे चरित्रकार सांगतात. पुण्यातील १८४८ ची शाळा आपल्याला पाठ आहे. तिच्यामागे उभी असलेली नगरची शाळा मात्र तळटीपेत राहते. आणि त्या तळटीपेतही एक बारकावा आहे. मिशनच्या दप्तरात अशा स्त्रियांची गणना ‘सहाय्यक’ म्हणून होत असे. तेवीस वर्षे शाळा चालवणारी बाई सहाय्यक. मग मुख्य कोण, हा प्रश्न त्या दप्तराला पडला नाही.

याच नगरमध्ये १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुढे १८५५ मध्ये याच नियतकालिकात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शाळा चालवणाऱ्यांच्या अहवालांपेक्षा शाळेत शिकणाऱ्या मुलीचा तो निबंध आज अधिक वाचला जातो. ज्यांची ‘सेवा’ झाली त्यांच्यापैकी एकीने स्वतः लिहिले तेव्हा सेवेचा मजकूर बदलला. कृतज्ञतेबरोबर त्यात जाब विचारणेही आले. सेवेच्या इतिहासाला हा दुसरा आवाज नसेल तर तो दात्यांची वंशावळ होऊन बसतो.

नगरशी संबंध असलेले आणखी एक पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्यांना चांगलेच ठाऊक आहे: लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा मोठा भाग नगर आणि राहुरी परिसरात घडतो. त्याच्या विनोदाविषयी, निर्मळ शैलीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. पण सेवाकार्याचे वाङ्मय म्हणून ते क्वचितच वाचले जाते. घरात आश्रयाला आलेली मुले, सतत येणारीजाणारी माणसे, परोपकारी नवऱ्याच्या औदार्याने रिकामी होणारी थैली आणि त्या थैलीचा हिशेब लावता लावता थकलेली गृहिणी, हे सारे तेथे आहे. औदार्य टिळकांच्या नावावर जमा होते आणि त्यासाठी लागणारे दळण-कांडण, रांधणे, निजवणे-उठवणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येते. लक्ष्मीबाई याबद्दल तक्रार करीत नाहीत, त्या हसतात. पण त्या हसण्यात हिशेब आहे. त्यागाच्या भाषेला असा खर्चाचा रकाना जोडणारे लेखन मराठीत फार नाही, आणि शाळेची पायरी जवळजवळ न चढलेल्या बाईने ते लिहिले, हे त्याहून विलक्षण.

आता पुण्याकडे वळू. कारण ‘सेवा’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या जीवनात संस्थेच्या रूपाने आला तो तेथे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू झाले. या संस्थेच्या रचनेत एक भेद होता आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चालवणाऱ्या स्त्रिया बहुधा विनावेतन काम करीत. पण शिकायला येणाऱ्या, विशेषतः विधवा व परित्यक्ता स्त्रियांनी शिक्षिका किंवा परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा संस्थेचा हेतू होता. म्हणजे नावात ‘सेवा’ असलेल्या या संस्थेचे उद्दिष्ट स्त्रीला पगार मिळावा हे होते. सेवासदनाच्या पहिल्या पिढीला सेवा आणि वेतन यांत विरोध दिसला नाही. तो नंतर आला.

धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थांतही हेच दिसते. १९०७ मधील महिला विद्यालय आणि त्यापाठोपाठचा निष्काम कर्ममठ यांमागे निरपेक्ष कार्यकर्त्यांचा समुदाय उभा करण्याची कल्पना होती. पार्वतीबाई आठवले या समुदायातील. विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. इंग्रजी जेमतेम येत असताना त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. एकाच बाईच्या आयुष्यात ‘निष्काम कर्म’ आणि रोजंदारीचे घरकाम अशा दोन्ही गोष्टी आल्या, आणि दुसऱ्या गोष्टीने पहिलीला कमीपणा आला असे कोणाला वाटले नाही.

पुरुषांचा त्याग मात्र वेगळ्या पद्धतीने लिहिला गेला, हेही येथेच नोंदवले पाहिजे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ ची, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे. तेथील आजीव सदस्यांच्या त्यागाची कहाणी आपण आदराने सांगतो: दरमहा सुमारे ७५ रुपयांत वीस वर्षे अध्यापन. तो त्याग होताच. बाहेर त्यांना याच्या कित्येक पट मिळाले असते. पण त्या त्यागाचा करार होता. त्याला रक्कम होती, मुदत होती, अखेरीस निवृत्तिवेतनाची तरतूद होती. पुरुषाने केलेला त्याग म्हणजे ठरवून घेतलेले कमी वेतन आणि स्त्रीने केलेला त्याग म्हणजे वेतनाचा अभाव, असा हा फरक. एकाचा हिशेब ठेवता येतो आणि म्हणून इतिहासही लिहिता येतो. दुसऱ्याविषयी फक्त गौरवपर भाषण करता येते.

स्वातंत्र्यानंतरच्या महाविद्यालयांकडे येऊ. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. आज त्या संस्थेच्या परिवारात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ‘सीएसआरडी’ ही संस्थाही आहे. रयत शिक्षण संस्थेचे राधाबाई काळे महिला महाविद्यालयही याच शहरात आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांतून सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे स्वरूप वाचकांपैकी बहुतेकांनी अनुभवलेच असेल: दोन वर्षांत २४० तासांचे काम, एक सात दिवसांचे निवासी शिबिर आणि शेवटी प्रमाणपत्र. तिचे ब्रीद ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ अशा आशयाचे.

या योजनेने ग्रामीण भागातील मुलींसाठी जे केले ते मोठे आहे. घरून वसतिगृहातसुद्धा न पाठवल्या जाणाऱ्या मुली ‘कॉलेजचे शिबिर’ या नावाखाली सात दिवस परगावी राहू शकल्या. त्यांनी कुदळ हाती घेतली, ग्रामसभेत भाषण केले, अनोळखी घराच्या ओट्यावर बसून पाहणीचे तक्ते भरले. पण अहवालात काय उरले? ‘स्वयंसेविकांनी ग्रामस्वच्छता केली व सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम सादर केले.’ या साचेबंद वाक्याचा कर्ता एक समूह आहे, त्या समूहाला चेहरा नाही. शिबिरात स्वयंपाक कोणी केला, हे तर लिहिलेच जात नाही. कारण त्याला कोणी सेवा समजत नाही आणि काम तर नाहीच.

याच महाविद्यालयांत, बहुधा त्याच इमारतीत, आणखी एक योजना चालते आणि तिचे घराणे निराळे आहे: ‘कमवा आणि शिका’. रयतची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून पुढे आलेल्या या योजनेत विद्यार्थ्याच्या श्रमाला तासावर पैसे मिळतात. ग्रंथालयातील पुस्तके लावली, बागेत पाणी घातले, तर त्याची हजेरी लागते आणि महिन्याच्या शेवटी रक्कम हातात पडते. श्रमाला दाम आणि दामाला प्रतिष्ठा, हे तिचे सूत्र. एकाच मुलीने सकाळी ‘कमवा आणि शिका’मध्ये बाग शिंपली तर ती श्रमिक, आणि दुपारी सेवा योजनेत तीच बाग शिंपली तर ती स्वयंसेविका. पहिल्या कामाचा हिशेब हजेरीपटात सापडतो. दुसऱ्याचा गौरव अहवालात सापडतो. इतिहासकाराला या दोहोंपैकी कोणता कागद अधिक उपयोगी पडेल, हे सांगण्याची गरज नाही. (भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा मात्र आपण नेहमी त्यागाची कथा म्हणूनच सांगतो. त्या रकमेकडे संस्थेचे आरंभीचे भांडवल म्हणून कोणी पाहत नाही.)

नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड आहे. १९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला राजी होईनात, तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित होत्या. त्या नेमाने जामखेडला येत, शिकत, परत जाऊन गावात ते वापरीत: बाळंतपण, बालकांचा आहार, स्वच्छ पाणी, कुष्ठरोग व क्षयाची ओळख. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधील एका परिषदेत यांतल्याच मुक्ताबाई पोळ बोलल्या. सभागृहातील झुंबरे आणि आपल्यासोबत आणलेल्या वातीच्या दिव्या यांची तुलना त्यांनी केली: झुंबर देखणे, पण महाग आणि लांबचे, दिवा साधा, पण एका दिव्याने दुसरा लावता येतो. डॉक्टर आणि ग्राम-आरोग्यसेविका यांच्यातील भेद याहून नेमका सांगता येणार नाही. साहित्यशास्त्राच्या वर्गात रूपकाचे उदाहरण म्हणून आपण संस्कृत श्लोक देतो, तेथे हेही देता येईल.

जामखेडच्या या स्त्रियांचा मुख्य आधार नियमित पगार हा नव्हता. पण त्यांना पगाराऐवजी जे मिळाले ते फार महत्त्वाचे होते: ज्ञान, गावात निर्णय घेण्याचा अधिकार आणि स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करण्यासाठी साह्य. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या तेव्हा जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव पाठीशी होता. पण शासनाने या अनुभवातून नेमके काय उचलले? मार्गदर्शक सूचनांनुसार आशा ही ‘मानद स्वयंसेविका’ ठरली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. वेतन नसणे तेवढे उचलले गेले, अधिकार मागे राहिला, आणि त्याच्या जागी नोंदवह्यांचा ढीग आला. महामारीच्या काळात, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. सन्मान जिनिव्हातून आला. मोबदल्यासाठी मात्र त्यांना घोषणा देत रस्त्यावर बसावे लागते.

आता शासकीय मराठीतील एक विसंगती पाहा. पुरुष कारकून ‘शासकीय सेवेत’ असतो. त्याचे सेवापुस्तक असते, सेवाज्येष्ठता असते, तो सेवानिवृत्त होतो. त्याची भरती करणाऱ्या संस्थेचे नावच लोकसेवा आयोग. येथे ‘सेवा’ म्हणजे वेतन, बढती आणि निवृत्तिवेतन. हाच शब्द स्त्रीलिंगी होऊन ‘सेविका’ झाला की अर्थ पालटतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ असते. तिला वेतन नसते, मानधन असते. नावात सेवा असलेली, पण सेवापुस्तक नसलेली कर्मचारी! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत असे म्हटले. त्यानंतर २५ एप्रिल २०२२ च्या निकालात मात्र त्याच न्यायालयाने त्यांना उपदान कायदा लागू असल्याचे सांगितले आणि या कायद्यापुरते मानधनही वेतनाच्या व्याख्येत येते असे मानले. शब्दांच्या अर्थाविषयी आस्था असणाऱ्या कोणालाही हा निकाल महत्त्वाचा वाटावा. ‘मानधन’ या सुंदर सामासिक शब्दाच्या आड काय दडले आहे, हे आपल्या समीक्षेआधी न्यायालयाने दाखवले.

पूर्वीच्या गावगाड्यात ‘मान’ आणि ‘बलुते’ हे दोन वेगळे शब्द होते. मानाचा विडा, मानाचा नारळ हे सणावारापुरते. बलुते हा धान्यातील वाटा, कामाच्या बदल्यात हक्काने मागायचा. त्या व्यवस्थेतील अन्याय सर्वज्ञात आहे आणि तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु विडा दिला म्हणून बलुते चुकवता येते, असे तीही मानीत नव्हती. ‘मानधन’ या शब्दाने ते साधले. आणि ही गोष्ट केवळ अंगणवाडीपुरती आहे असे समजून महाविद्यालयातील शिक्षकांनी निश्चिंत राहू नये. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शेकडो अध्यापकांना मिळते ते मानधनच. त्यांनाही समारंभात ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ ऐकवले जाते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. सगळ्याच सेवेला दाम लावायचे म्हटले तर सेवेत उरले काय? विनावेतन कामाला स्वतःची अशी प्रतिष्ठा आणि स्वतःचे असे स्वातंत्र्य असते. रमाबाई रानड्यांना कोणाच्या नोकर नसल्यामुळेच काही गोष्टी ठामपणे करता आल्या. शिबिराला जाणाऱ्या मुलीला रोजंदारी दिली तर घरातून परवानगी मिळेल, पण मग ती कमाईसाठीच पाठवली जाईल. आज तिला त्या सात दिवसांत जे मोकळे अवकाश मिळते ते हरवेल. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. त्याचे उत्तर इतकेच की, निवड कोणाची आहे हे पाहिले पाहिजे. पोटाची सोय असलेल्या व्यक्तीने स्वेच्छेने, आपल्या वेळेतून केलेले काम मानसेवा आहे. ज्या कामावर एखादी सार्वजनिक व्यवस्था उभी आहे, जे रोज करावे लागते आणि न केल्यास जाब विचारला जातो, ते काम मानसेवा नव्हे. त्याला तसे म्हणणे म्हणजे भाषेकडून फसवणूक करवून घेणे. आणि दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान देणे आहे: नोंद. वेतन प्रत्येक सेवेला देता येणार नाही, हे खरे. पण नाव, तारीख आणि केलेल्या कामाचे नेमके वर्णन द्यायला कोणत्याही महाविद्यालयाला अनुदान लागत नाही.

म्हणूनच हा विषय साहित्य विभागांचा आहे असे मला वाटते. समाजशास्त्राचे विद्यार्थी आकडे गोळा करतील. पण अहवालाची भाषा कशी काम करते, कर्मणी प्रयोगात कर्ता कसा नाहीसा होतो, ‘संपन्न झाले’ या क्रियापदाने घाम कसा पुसला जातो, हे वाचण्याचे प्रशिक्षण आपल्याकडे आहे. शैलीविज्ञानाच्या पाठ्यक्रमात आपण नामवंत कादंबरीकारांची वाक्ये तपासतो. एखाद्या वर्षी आपल्याच महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील दहा अहवाल तपासायला काय हरकत आहे? नगर जिल्ह्यातल्या जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत विद्यार्थिनी मंडळांची इतिवृत्ते, शिबिरांच्या हजेरीवह्या, मागे नावे लिहिलेली छायाचित्रे असतील. नॅकच्या भेटीआधी जुने दप्तर आवरण्याची जी मोहीम निघते तिच्यात पहिला बळी याच कागदांचा जातो. पदव्युत्तर वर्गाच्या एका तुकडीने प्रकल्प म्हणून हे काम हाती घेतले, त्या शिबिरांना गेलेल्या आणि आज साठी-सत्तरीत असलेल्या स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतल्या, तर तो प्रबंधांच्या रांगेतला आणखी एक प्रबंध ठरणार नाही.

त्या मुलाखतींत विचारायचे प्रश्नही साधेच असावेत. शिबिरात भाकऱ्या कोणी थापल्या? एसटीचे भाडे कोणी भरले? घरी काय सांगून आलात? गावातील कोणत्या वस्तीत गेलात आणि कोणत्या वस्तीत नेले नाही? ज्या घरांत गेलात तेथील बायका तुमच्याविषयी काय म्हणाल्या? आणि अहवालात तुमचे नाव आले होते का? यांतील शेवटच्या प्रश्नापेक्षा आधीचे प्रश्न महत्त्वाचे आहेत. कारण सेवेचा इतिहास सेवा करणारीच्या गौरवाने संपला तर तो पुन्हा जुन्याच वळणावर जाईल. १८५५ च्या त्या निबंधाने घालून दिलेला धडा हाच आहे की, ज्या ओट्यावर स्वयंसेविका बसली त्या ओट्याचीही एक बाजू असते.

जिल्ह्याला आता ज्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, त्यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडीचा. घाट, विहिरी, धर्मशाळा अशा लोकोपयोगी बांधकामांसाठी त्या देशभर ओळखल्या जातात. मुक्ताबाई पोळ आणि त्यांच्या सहकारिणी याच परिसरात, काही मैलांच्या अंतरात काम करीत होत्या. एका स्त्रीच्या लोकसेवेला जिल्ह्याच्या नावात स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनींची नावे निदान आपल्याच वार्षिकांकात पूर्ण छापावीत, आडनावासकट आणि केलेल्या कामासकट. पुढचा अंक तयार होताना संपादकांनी ‘मोलाचे सहकार्य’ हे दोन शब्द खोडून त्या जागी काय सहकार्य केले ते लिहायला सांगितले, तरी सुरुवात होईल.